पडीक जमिनीवरील वाळलेले तण आणि वणव्यापासून फळबागांचे रक्षण

कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भरपूर पाऊस पडतो आणि त्यानंतर सात-आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी राहते. पावसाळ्यात डोंगरउतारावरील वरकस जमिनी, कातळाचे सडे, बांध, गडगे व रस्त्याच्या कडा यांवर गवत व झुडुपे दाट माजतात. ऑक्टोबरात त्यांची वाढ थांबते. डिसेंबरात ती पिवळी पडतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास त्यांचे अक्षरशः सरपण झालेले असते. याच वेळी आंब्याच्या कलमांवर फळे धरलेली असतात व काजूच्या बिया गळू लागलेल्या असतात. वर्षाचे उत्पन्न हाती येण्याचा काळ व वणव्याचा काळ असे एकाच वेळी येतात, हे कोकणातील बागाईतीचे एक मोठे संकट आहे.

या संकटावर पाण्याचे बंब किंवा मोठी यंत्रे हा खरा उपाय नव्हे. डोंगरावरील बागेपर्यंत बंब पोहोचेतोपर्यंत आग आपले काम करून पुढे गेलेली असते. खरा उपाय कोयता व विळा यांनी, आणि तोही आग लागण्यापूर्वी तीन-चार महिने, करावयाचा असतो. पडीक जमिनीवरील तण वेळेवर कापणे व त्या कामात सर्व शेजाऱ्यांनी एकत्र येणे, या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बागेचे नुकसान कसे होते

समजा, एका शेतकऱ्याने एक हेक्टर जमिनीत सात-सात मीटर अंतरावर काजूची सुमारे २०० कलमे लावली आहेत. त्याने दरवर्षी बागेची बेणणी केली, खते दिली, खोडकिडीपासून झाडे जपली. कलमी काजू तिसऱ्या वर्षापासून फळू लागतो व सातव्या-आठव्या वर्षी भरात येतो. अशा भरात आलेल्या बागेच्या खालच्या अंगास दुसऱ्या कोणाची जमीन पडीक असून तिच्यावर कमरेइतके गवत वाळून उभे आहे. मार्चमधील एखाद्या दुपारी त्या गवतास ठिणगी लागते. गवत जळून जाण्यास फार वेळ लागत नाही. परंतु तेवढ्या वेळात आठ वर्षांचे श्रम व भांडवल नाहीसे होते. बागेच्या मालकाचा यात काही दोष नसतो, तरीही हानी त्याचीच होते.

झाड मरण्यासाठी ते पेटावेच लागते असे नाही. सालीच्या आत जो जिवंत थर असतो, तो सुमारे ६० अंश सेल्सियस उष्णतेस मरतो. कोवळ्या कलमाची साल पातळ असल्यामुळे बुंध्याभोवतीचे गवत काही क्षण जळले तरी हा थर भाजून निघतो. बुंध्याभोवती सर्व बाजूंनी तो मेल्यास वरील पाने काही दिवस हिरवी दिसतात व मग हळूहळू सर्व झाड वाळते. म्हणून 'आग नुसती खालून गेली, झाडास काही झाले नाही' असे समजून शेतकऱ्याने निर्धास्त राहू नये.

पडीक जमीन आताच अधिक धोक्याची का झाली

पूर्वीही डोंगरावर गवत वाढत असे. परंतु त्यास मागणी होती. प्रत्येक घरी गुरे असत व त्यांच्या वैरणीसाठी दिवाळीनंतर डोंगरी गवताची कापणी होई. घरांची व गोठ्यांची छपरे गवताने शाकारली जात. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यास कवळ व पालापाचोळा गोळा करून नेला जाई. या सर्व कामांमुळे डोंगर आपोआप मोकळा होत असे.

आज परिस्थिती पालटली आहे. गुरे कमी झाली, छपरांवर कौले व पत्रे आले आणि स्वयंपाकास गॅस आला. अनेक जमिनींचे मालक नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस किंवा अन्यत्र राहतात. पुष्कळ जमिनी सामाईक असून सात-बाराच्या उताऱ्यावर दहा-वीस नावे असतात. सर्वांची म्हणून जी जमीन असते, ती साफ करण्याचे काम कोणाचेच राहत नाही. जे गवत पूर्वी मालमत्ता समजले जाई, ते आता उभ्याउभ्या वाळते. त्यातच रानमोडी व घाणेरी यांसारखी परदेशी झुडुपे शिरली आहेत. अशा रीतीने जळणाचा साठा वर्षानुवर्षे वाढत जातो व अखेर एखाद्या ठिणगीस कारण मिळते.

ठिणगी कोठून येते, हेही पाहिले पाहिजे. बांधावरचे गवत पेटवून देणे, राब भाजताना आग आटोक्याबाहेर जाणे, विडी-सिगारेटचे थोटूक टाकणे, रस्त्याकडेचा कचरा जाळणे, मध काढताना धूर करणे, शिकारीसाठी रान पेटविणे, वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींवर घासून ठिणग्या पडणे, ही नेहमीची कारणे होत. त्यांपैकी जवळजवळ सर्व मानवनिर्मित आहेत. म्हणजेच वणवा हा दैवी कोप नसून तो टाळता येण्याजोगा अनर्थ आहे.

आग कशी पसरते

आगीस तीन गोष्टी लागतात : जळण, हवा व उष्णता. हवा आपल्या हाती नाही. ठिणगी केव्हा व कोठून येईल, याचाही नेम नाही. आपल्या पूर्ण ताब्यात असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे जळण. म्हणून सर्व भर जळण कमी करण्यावर दिला पाहिजे.

आगीच्या वेगासंबंधी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) आग चढावर धावते. वर जाणारी ज्वाळा पुढील गवतास आधीच तापवून वाळविते. उताराचा चढ सुमारे १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. म्हणून बागेस सर्वांत मोठा धोका तिच्या खालच्या अंगाच्या पडीक जमिनीपासून असतो.

(२) आग वाऱ्याबरोबर धावते. किनारपट्टीच्या प्रदेशात उन्हाळ्यात सकाळ सरल्यावर समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात व दुपारी त्यांचा जोर असतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी ऊन कडक, गवत कोरडे व वारा जोराचा, असे तिन्ही योग जुळतात. अशा वेळी बागेची पश्चिमेकडील बाजू विशेष धोक्याची समजावी.

(३) आग एकमेकांस चिकटून असलेल्या जळणातून पुढे सरकते. जमिनीवर गवत, त्यावर झुडूप, झुडुपावर वेल व वेलावरून झाडाची फांदी, अशी शिडी तयार झाली असेल तर जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढते. मध्ये मोकळी जमीन आली व शिडीची एक पायरी काढून टाकली, तर तिचा जोर मोडतो.

मुख्य तणे व ती काढण्याची वेळ

कुसळी व इतर डोंगरी गवते : कुसळी गवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वी किंवा निदान कुसळे पक्व होण्यापूर्वी कापावे. त्या वेळी ते कोवळे असून गुरांस चालते. कुसळे पक्व झाल्यावर ती जनावरांच्या तोंडास व कातडीस टोचतात आणि वैरणीची प्रतही उतरते. म्हणून ऑक्टोबर हा या कापणीचा उत्तम महिना होय. उशीर केल्यास वैरण हातची जाते व फक्त आगीचा धोका शिल्लक राहतो.

रानमोडी : हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातील आहे. त्याची पाने तेलकट असल्यामुळे ते अर्धवट ओले असतानाही पेट घेते. त्यास सामान्यतः नोव्हेंबरनंतर फुले येतात आणि मग केसाळ बी वाऱ्याने दूरवर पसरते. नुसते वरून छाटल्यास बुंध्यापासून पुन्हा फुटवे येतात व आगीनंतरही ते जोमाने उगवते. म्हणून फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओलसर असताना, कुदळीने मुळाच्या गड्ड्यासह ते उपटून काढावे.

घाणेरी : हिलाच कित्येक ठिकाणी टणटणी म्हणतात. तिची दाट जाळी झाडांवर चढते व आगीस शिडी पुरविते. प्रथम फांद्या कोयत्याने तोडून मोकळ्या कराव्यात व नंतर खुंट मुळासह खणावा. बागेच्या कुंपणास ती ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी.

गाजरगवत : हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसून आले व पुढे सर्वत्र पसरले. वाळल्यावर रस्त्याकडेला व गावठाणातील मोकळ्या जागी त्याचे दाट खुंट उभे राहतात. फुले येण्यापूर्वी पावसाळ्यातच ते उपटावे. त्याच्या स्पर्शाने व परागकणांनी कित्येकांस त्वचेचे व श्वासाचे विकार होतात. म्हणून हातमोजे घालून व नाकातोंडास कापड बांधून हे काम करावे.

तणनाशकासंबंधी एक इशारा देणे अवश्य आहे. पावसाळ्याच्या शेवटी तणनाशक फवारून गवत मारले म्हणजे जमीन साफ झाली, अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुतः ते गवत उभेच वाळते व आगीसाठी आणखी लवकर तयार होते. औषधाने मारलेले गवत कापून हलविल्याशिवाय जमीन सुरक्षित झाली असे म्हणता येत नाही.

जाळरेषा काढण्याची पद्धत

सर्व पडीक डोंगर साफ करणे कोणत्याही गावास शक्य नाही व तसे करणे हिताचेही नाही. उतारावरील गवताची मुळे माती धरून ठेवतात. सर्व गवत खरवडून काढल्यास पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून जाईल. म्हणून योग्य जागी गवताचा पट्टा कापून आगीची वाट तोडावी. अशा पट्ट्यास जाळरेषा म्हणतात. वनखाते जाळरेषेतील गवत पुष्कळदा नियंत्रित रीतीने जाळून टाकते. परंतु ते प्रशिक्षित माणसांचे काम आहे. शेतकऱ्यांनी गवत कापून व ओढून पट्टा मोकळा करावा, जाळू नये.

पट्टा काढताना पुढील क्रम ठेवावा :

(१) सपाट जमिनीत बागेभोवती किमान ५ मीटर रुंदीचा पट्टा घ्यावा. बाग उतारावर असल्यास तिच्या खालच्या अंगास, व किनारपट्टीत पश्चिमेच्या अंगासही, तो ८ ते १० मीटर रुंद ठेवावा. गवत जितके उंच तितका पट्टा रुंद असावा.

(२) पट्ट्यातील गवत जमिनीलगत कापावे. मुळे उपटू नयेत. पट्ट्याच्या मधोमध मात्र सुमारे १ मीटर रुंदीची पट्टी फावड्याने खरवडून माती उघडी करावी. जमिनीलगत सरपटणारी आग या उघड्या मातीवर थांबते.

(३) उघडी पट्टी उभ्या उतारावर सरळ वरून खाली नेऊ नये. तसे केल्यास पावसाळ्यात तेथे घळ पडते. शक्य तेथे ती आडवी न्यावी. उभी नेणे अपरिहार्य असल्यास जागोजागी दगडांचे आडवे थर घालून पाणी बाजूस काढावे.

(४) गडगा, पायवाट, ओढा, उघडा कातळ किंवा गाडीरस्ता यांचा उपयोग करून घ्यावा. जाळरेषा यांच्याशी जोडली तर श्रम पुष्कळ वाचतात.

(५) कापलेले गवत पट्ट्याच्या कडेस ढीग करून ठेवू नये. तसे केल्यास जाळरेषेच्या दोन्ही अंगांस आगीचे भांडार तयार होते. ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हलवावे.

(६) बागेच्या आत प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती निदान १ मीटर त्रिज्येचे आळे गवत व पालापाचोळा यांपासून मोकळे ठेवावे. काजूच्या झाडाखालील सर्व जमीन साफ ठेवल्यास गळलेल्या बियाही सहज वेचता येतात.

पट्टा एकदा काढला की काम संपले, असे मानू नये. जानेवारी-फेब्रुवारीत अनेक झाडांची पाने गळतात व डिसेंबरात साफ केलेली जाळरेषा पातेऱ्याने पुन्हा भरते. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी ती दाताळ्याने किंवा झाडूने एकदा अवश्य साफ करावी. पुष्कळ ठिकाणी जाळरेषा निरुपयोगी ठरते ती या दुसऱ्या साफसफाईच्या अभावी.

जाळरेषा म्हणजे भिंत नव्हे, हेही ओळखून असावे. जोराच्या वाऱ्यात ठिणग्या उडून पलीकडे पडतात. परंतु पट्ट्यापाशी आगीचा जोर कमी होतो आणि आग विझविणाऱ्या माणसांना उभे राहण्यास सुरक्षित जागा मिळते. हा तिचा फार मोठा उपयोग आहे.

शेजाऱ्यांनी एकत्र येण्याचा फायदा

एक हेक्टरची चौरस बाग घेतली तर तिची प्रत्येक बाजू १०० मीटर व एकूण परीघ ४०० मीटर होतो. तिच्या आतून ५ मीटरचा पट्टा काढावयाचा झाल्यास १,९०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १९ गुंठे, गवत कापावे लागेल. परस्परांस लागून असलेल्या अशा चार बागांच्या मालकांनी स्वतंत्रपणे काम केले तर चौघांचे मिळून ७,६०० चौरस मीटर होतात. तेच चौघांनी मिळून चारही बागांच्या बाहेरून एकच पट्टा ठेवला, तर काम फक्त ३,९०० चौरस मीटर उरते. श्रम जवळजवळ निम्मे होतात आणि सर्व गवत बाहेरच्या बाजूने कापले गेल्यामुळे संरक्षणात कोठेही खिंड राहत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या जमिनीवरून आग येते ती बहुधा बागाईतदाराची नसतेच. चार बागाईतदारांनी आपापल्या बागा आरशासारख्या स्वच्छ ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये असलेला एक पडीक तुकडा तसाच राहिला, तर धोका कायम राहतो. म्हणून पडीक तुकड्याच्या मालकाचा शोध घेऊन त्याची संमती मिळविणे हे वाडीचे सामुदायिक काम समजले पाहिजे. मालक परगावी असल्यास गणेशोत्सवात तो बहुधा घरी येतो. त्या वेळी त्यास भेटून गवत कापण्याची लेखी अनुमती घ्यावी व कापलेले गवत कोणी न्यावयाचे ते ठरवावे. ज्यास गुरे आहेत त्यास ते गवत फुकट मिळाल्यास तो ते आनंदाने कापून नेईल. जमीन मालकाची साफ होईल, वैरण गुरे राखणाऱ्यास मिळेल आणि बाग शेजाऱ्याची वाचेल. अनुमतीवाचून मात्र दुसऱ्याच्या जमिनीत कोयता चालवू नये. चांगल्या कामास भांडणाचे स्वरूप येऊ देणे योग्य नव्हे.

गवत जाळल्याने चांगले गवत येते काय ?

'डोंगर जाळला की पुढच्या पावसात गवत हिरवेगार येते' ही समजूत फार जुनी आहे. जुने वाळलेले गवत जळाल्यामुळे नवे कोंब लवकर नजरेस पडतात व राखेतील क्षारांमुळे सुरुवातीस थोडी तरारी दिसते, एवढेच तिच्यात तथ्य आहे. परंतु त्याची किंमत मोठी असते. गवतातील नत्र व गंधक धुरावाटे निघून जातात. उतारावरील राख पहिल्याच वळवाने वाहून जाते. जमीन उघडी पडल्यामुळे तिच्याबरोबर मातीही जाते. शिवाय दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर चांगल्या वैरणीची गवते मागे पडून कुसळी व रानमोडी यांसारखी आगीस तोंड देणारी तणे वरचढ होतात. म्हणजे गवत सुधारण्यासाठी लावलेली आग अखेर गवतच बिघडविते.

भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यासंबंधीही हाच विचार लागू पडतो. शेणखत घालून केलेल्या गादीवाफ्यांवर राब न भाजता उत्तम रोपे तयार होतात. ज्यांनी ही पद्धत अजून स्वीकारली नसेल त्यांनी यंदा एका वाफ्यावर ती करून पाहावी.

कायद्याच्या दृष्टीनेही आग लावणे हे साधे कृत्य नव्हे. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग लावणे किंवा तेथे आग पसरेल अशा रीतीने ती पेटती ठेवणे हा गुन्हा आहे. इतरांच्या जीवितास धोका पोहोचेल अशा निष्काळजीपणाने आगीचा वापर करणे हाही भारतीय न्याय संहिता, २०२३ अन्वये अपराध आहे.

कापलेल्या गवताचा उपयोग

वेळेवर कापलेले गवत प्रथम वैरणीस द्यावे. ते दोन-तीन दिवस उन्हात वाळवून पेंढ्या बांधाव्यात. वैरणीस न चालणाऱ्या गवताचे व बी धरण्यापूर्वी काढलेल्या रानमोडीचे कंपोस्ट करावे. त्यासाठी सुमारे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर खोल खड्डा घ्यावा. त्यात बारीक तोडलेल्या तणाचे १५ ते २० सेंटिमीटर जाडीचे थर पसरावेत व प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा. खड्डा भरल्यावर वरून मातीने लिंपून घ्यावा व ओल टिकवावी. महिना-दीड महिन्याने एकदा चाळवणी केल्यास चार-पाच महिन्यांत चांगले खत तयार होते.

बी धरलेले तण शक्यतो कंपोस्टमध्ये घालू नये. कारण ढीग चांगला तापला नाही तर बी जिवंत राहून खताबरोबर शेतभर पसरते. गवताचे आच्छादन झाडांच्या आळ्यात घालण्याची शिफारस ओलाव्याच्या दृष्टीने योग्य असली तरी वणव्याच्या काळात सुके आच्छादन हेच जळण ठरते. म्हणून ते बुंध्यापासून दूर ठेवावे, त्यावर मातीचा थर द्यावा आणि बागेच्या कडेच्या दोन ओळींत ते घालू नये.

घर, गोठा, गंजी व वीजतारा

गवताची व पेंढ्याची गंजी घरापासून व गोठ्यापासून निदान २० मीटर दूर असावी. सर्व वैरण एकाच गंजीत न ठेवता दोन-तीन गंजी अंतर ठेवून रचाव्यात. म्हणजे एकीस आग लागली तरी वर्षाची वैरण एकदम जाणार नाही. गंजीभोवती ५ मीटर जागा खरवडून मोकळी ठेवावी. गावठाणातील पडीक परसू, पडक्या घरांची जोती व शाळेमागील मोकळ्या जागा यांवरील वाळलेले तणही याच वेळी काढावे.

विजेच्या तारांखालील व रोहित्राभोवतीचे गवत हा स्वतंत्र विषय आहे. तारा लोंबत असतील किंवा फांद्या तारांस लागत असतील तर जानेवारीपूर्वीच वीज कंपनीच्या कार्यालयास लेखी कळवून पोच घ्यावी. शेतकऱ्याने स्वतः फांद्या तोडण्याचा किंवा रोहित्राच्या चौकटीत शिरून गवत कापण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. त्यात प्राणाचा धोका आहे. चौकटीबाहेरील गवत मात्र अवश्य कापावे.

गवत कापताना साप व विंचू यांची भीती असते. पायांत गमबूट असावेत व काठीने गवत हलवून मगच हात घालावा. यंत्राने कापणी करणाऱ्याने डोळ्यांस चष्मा लावावा व जवळ कोणास उभे राहू देऊ नये. दगडावर पाते आपटून ठिणगी पडते. म्हणून यंत्राची कापणी गवतात ओल असतानाच, म्हणजे डिसेंबरपूर्वी, उरकावी.

आग लागल्यास काय करावे

आग दिसताच प्रथम वाडीस हाक द्यावी व ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे. जवळ वन असल्यास वनखात्याच्या कर्मचाऱ्यासही वर्दी द्यावी. आग विझविण्यास एकट्याने जाऊ नये. मुले व वृद्ध यांना तिकडे नेऊ नये. अंगावर सुती कपडे असावेत. आगीच्या वरच्या अंगास, चढावर, कधीही उभे राहू नये. ज्या बाजूने जळून गेलेली जमीन आहे त्या बाजूने आगीच्या कडेस भिडावे व दोन्ही कडांनी झोडपत तिच्या तोंडाकडे जावे. हिरव्या डहाळ्या किंवा भिजविलेली गोणपाटे यांनी आग दाबून विझवावी. उंच उचलून आपटल्यास ठिणग्या उडतात. औषध फवारणीचा पाठीवरचा पंप स्वच्छ धुऊन पाण्याने भरून ठेवल्यास त्याचा चांगला उपयोग होतो. माघार घ्यावी लागल्यास जळून गेलेल्या जमिनीवर यावे.

आग विझल्यावर निदान दोन माणसे रात्रभर पहाऱ्यास ठेवावीत. वाळलेले खुंट, गोवऱ्या व पातेऱ्याचे ढीग आत धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटताच पुन्हा पेट घेतात.

झाडे होरपळली असल्यास ती लगेच तोडू नयेत. प्रथम महसूल व कृषि खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून पंचनामा करून घ्यावा. नंतर चाकूने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवी ओल असल्यास तो भाग जिवंत आहे. मेलेल्या फांद्या छाटून कापाच्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे प्रमाण घ्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी कामाची आखणी

ऑगस्ट व सप्टेंबर : गावाच्या नकाशावर बागा, पडीक तुकडे, वाटा, ओढे व वीजतारा दाखवाव्यात. मागील वर्षांत आग कोठून आली ते वडीलधाऱ्यांस विचारून नकाशावर खूण करावी. परगावच्या मालकांशी बोलणे करावे.

ऑक्टोबर : २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जाळरेषांची योजना मांडून प्रत्येक वाडीचा वाटा व दिवस ठरवून घ्यावा. वैरणीच्या गवताची कापणी सुरू करावी.

नोव्हेंबर व डिसेंबर : रानमोडी व घाणेरी खणून काढावी, जाळरेषा पूर्ण कराव्यात, कंपोस्टचे खड्डे भरावेत.

जानेवारी व फेब्रुवारीचा पूर्वार्ध : वीजतारांच्या तक्रारींचा पाठपुरावा करावा व पातेरा काढून जाळरेषा दुसऱ्यांदा साफ कराव्यात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत : दुपारच्या वेळी आळीपाळीने पहारा ठेवावा. शिमग्याच्या दिवसांत विशेष दक्षता घ्यावी. होळीची जागा गवतापासून मोकळी करून घ्यावी व निखारे पाण्याने विझल्याची खात्री करावी.

व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाचा परिणाम अधिक होतो. त्यासाठी एक सोपा प्रयोग सुचविता येईल. पडीक जमिनीत १ मीटर लांब व १ मीटर रुंद चौकट आखून तीतील सर्व वाळलेले गवत ग्रामस्थांसमोर कापावे व तोलावे. ते समजा ४०० ग्रॅम भरले, तर एका हेक्टरवर ४,००० किलो, म्हणजे ४ टन, जळण उभे आहे असा हिशेब होतो. वाळलेले गवत वजनास वजन जवळजवळ लाकडाइतकीच उष्णता देते. आपल्या बागेच्या कुंपणापलीकडे चार टन सरपण रचून ठेवण्यास कोणीही शेतकरी राजी होणार नाही. परंतु ते उभे असल्यामुळे त्याच्या ध्यानात येत नाही. तराजूवर ते पाहिले म्हणजे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वणवा जमिनीचा सात-बारा पाहत नाही. तो हद्दीची निशाणी ओळखत नाही आणि कष्टाळू व आळशी असा भेदही करीत नाही. म्हणून पडीक जमिनीवरील तणाचा बंदोबस्त हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न न मानता सर्व गावाचा प्रश्न मानला पाहिजे. पाऊस संपल्यावर चार दिवस गावाने एकजुटीने कोयता चालविला, तर उन्हाळ्यात अनेक वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत जळताना पाहण्याची पाळी कोणावरही येणार नाही. गवत ओले आहे तोवरच या कामास हात घालावा, हे उत्तम.